ग्रंथालयाची कार्डं छापायची आहेत? मग सॉफ्टवेअर असं निवडा



तुमच्या गावच्या मराठी मंडळाचं छोटंसं ग्रंथालय असेल, तर हे चित्र तुमच्या ओळखीचं असणार. भाड्याच्या हॉलचं तळघर, त्यात एक लोखंडी कपाट, आणि कपाटात दाटीवाटीने उभी मराठी पुस्तकं. यातलं जवळजवळ प्रत्येक पुस्तक कुणाच्या ना कुणाच्या बॅगेतून आलेलं असतं. २३ किलोच्या हिशेबात लोणच्याची बरणी न्यायची की कथासंग्रह, हा प्रश्न पडला आणि त्या वेळी कथासंग्रह जिंकला, म्हणून तो आज इथे आहे.

आमच्याकडे ओहायोत असंच एक कपाट आहे. साधारण साडेसहाशे पुस्तकं. कपाटाशेजारी एक लांबट लाकडी खोका, आणि त्यात कार्डं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मंडळातल्या एका काकांनी दोन हिवाळे खर्चून ती तयार केली होती. त्या काळी मिळणारा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतला, एकेका पुस्तकाची माहिती टाइप केली आणि घरच्या प्रिंटरवर कार्डं छापली. आता बरीच कार्डं फाटली आहेत, नवी पुस्तकं आली आहेत, म्हणून मागच्या वर्षी आम्ही ठरवलं की सगळी कार्डं नव्याने छापायची. काकांनी मोठ्या हौसेने जपून ठेवलेली सीडी आणून दिली. फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं यांची नुसती खिचडी. साडेसहाशे नोंदींपैकी एकही वाचता येईना.

हा लेख त्या खिचडीतून शिकलेल्या गोष्टींचा आहे. तुम्ही मंडळाचं, शाळेचं, देवळाचं किंवा अगदी घरचं ग्रंथालय सांभाळत असाल आणि कार्डं छापायला सॉफ्टवेअर शोधत असाल, तर आमच्या चुका तुम्ही पुन्हा करू नयेत एवढाच उद्देश.

अजून कार्डं कशाला?

हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच बैठकीत विचारला जाईल. प्रश्न रास्तच आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ साली छापील कार्डं इतर ग्रंथालयांना विकायला सुरुवात केली आणि १९९७ साली ती सेवा बंद केली. आमच्याच राज्यातल्या डब्लिन गावी ओसीएलसी या संस्थेचं मुख्यालय आहे. या संस्थेने १९७१ पासून संगणकावर कार्डं छापून देशोदेशीच्या ग्रंथालयांना पाठवली. एकूण आकडा सुमारे १९० कोटी! १ ऑक्टोबर २०१५ रोजी त्यांनी शेवटचं कार्ड छापलं. म्हणजे मोठ्या ग्रंथालयांसाठी हा विषय संपला आहे.

पण आपलं तळघर म्हणजे मोठं ग्रंथालय नव्हे. तिथे वायफाय येत नाही. महिन्यातून एकदा दोन तास कपाट उघडतं. पुस्तकं नेणारे निम्मे वाचक सत्तरीच्या पुढचे. फोनवर टाइप करून शोधण्यापेक्षा खोक्यातली कार्डं चाळणं त्यांना आवडतं. आणि चाळता चाळता मागितलेल्या पुस्तकाशेजारचं न मागितलेलं पुस्तकही हाती लागतं. शिवाय कार्डाला वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही. आमच्या बाबतीत तर काकांची फाइल मेली आणि कार्डं जगली. हा एक मुद्दा मला पुरेसा वाटतो.

कार्ड म्हणजे नोंद नव्हे

सॉफ्टवेअर निवडण्याआधी एक फरक मनात पक्का करा. पुस्तकाची *नोंद* वेगळी आणि *कार्ड* वेगळं. नोंद म्हणजे लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पानं, विषय, वर्गांक ही सगळी माहिती. कार्ड म्हणजे त्या माहितीचा कागदावर काढलेला एक फोटो. एकाच माणसाचे समोरून, बाजूने, मागून असे फोटो निघतात, तशीच एका नोंदीची अनेक कार्डं निघतात.

पूर्वीच्या ग्रंथपालांनी यासाठी साधी युक्ती काढली होती. सगळ्या कार्डांचा मजकूर एकच ठेवायचा आणि फक्त वरची ओळ बदलायची. एका कार्डाच्या माथ्यावर लेखकाचं नाव, दुसऱ्यावर शीर्षक, तिसऱ्यावर विषय. चौथं कार्ड वर्गांकाच्या क्रमाने ठेवायचं, म्हणजे कपाटात पुस्तकं ज्या क्रमाने उभी आहेत तोच क्रम खोक्यात. एका पुस्तकाला किमान चार कार्डं झाली. अनुवाद असेल तर अनुवादकाचं पाचवं.

म्हणून सॉफ्टवेअरला पहिला प्रश्न असा विचारा: मी माहिती *एकदाच* भरली तर ही चार-पाच कार्डं तू आपोआप काढशील का? नाही म्हणत असेल, तर ते कार्ड छापायचं सॉफ्टवेअर नाही. तो नुसता टाइपरायटर आहे.

दुसरा प्रश्न आपल्या मराठी मंडळींसाठी खास. आपल्याकडे टोपणनावांची परंपरा मोठी. वि. वा. शिरवाडकरांची कविता 'कुसुमाग्रज' या नावाने, तर 'नटसम्राट' शिरवाडकर या नावाने. राम गणेश गडकरी नाटकांवर गडकरी आणि कवितेत गोविंदाग्रज. वाचक कुठल्या नावाने शोधेल हे तुम्हाला आधी कळत नाही. त्यासाठी पुस्तकाचं नसलेलं एक कार्ड लागतं: 'गोविंदाग्रज – हेही पाहा: गडकरी, राम गणेश'. पुस्तकाची नोंद नसताना असं 'पाहा' कार्ड छापता येतं का, ते तपासा. अनेक प्रोग्रॅम इथेच अडतात.

मार्क: कार्डासाठी जन्मलेली भाषा

१९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्रम नावाच्या संगणकतज्ज्ञ बाईंनी पुस्तकाची नोंद यंत्राला कळेल अशी लिहिण्याची पद्धत तयार केली. तिचं नाव मार्क. 'मशीन-रीडेबल कॅटलॉगिंग' या शब्दांची ही आद्याक्षरं. गंमत म्हणजे कार्डांची छपाई सोपी करणं हाच तिचा एक मोठा हेतू होता. कार्डं गेली, पण मार्क आजही जगभरच्या ग्रंथालयांत नांदते आहे.

यात प्रत्येक प्रकारच्या माहितीला तीन आकडी क्रमांक असतो. रोजच्या कामाला एवढे पुरतात:

- १०० – लेखक
- २४५ – शीर्षक
- २४६ – शीर्षकाचं दुसरं रूप
- २६४ – प्रकाशक, ठिकाण, वर्ष
- ३०० – पानं, आकार
- ६५० – विषय
- ७०० – अनुवादक, संपादक वगैरे
- ०८२ – ड्यूई वर्गांक (मराठी साहित्याचा ८९१.४६, त्यात कथा-कादंबरीचा ८९१.४६३)
- ५४१ – पुस्तक कुणाकडून आलं

शेवटचा क्रमांक मला फार आवडला. काकांनी प्रत्येक कार्डाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, की हे पुस्तक कुणी, कोणत्या वर्षी आणलं. त्यातली काही माणसं आता नाहीत. ती टिपणं नव्या कार्डांवर येणार की जुन्या कार्डांबरोबर कचऱ्यात जाणार, हे सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रकाना आहे की नाही यावर ठरतं.

तुम्हाला मार्क पाठ करायची गरज नाही. गरज आहे ती एवढीच, की तुमचं सॉफ्टवेअर मार्कमधून माहिती घेऊ शकलं पाहिजे आणि मार्कमध्ये ती परतही देऊ शकलं पाहिजे.

बाजारात काय आहे?

ढोबळमानाने चार वाटा आहेत.

*पहिली: फक्त कार्डं छापणारे छोटे प्रोग्रॅम.* वापरायला सोपे, कार्ड देखणं. पण यातले बरेच जुने आहेत, देवनागरी धड छापत नाहीत आणि माहिती स्वतःच्याच गुप्त रचनेत साठवतात. आमच्या काकांनी हीच वाट धरली होती.

*दुसरी: पूर्ण ग्रंथालय प्रणाली, उदाहरणार्थ कोहा.* न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९ साली ती लिहायला घेतली आणि २००० च्या जानेवारीत ती सुरू झाली. मुक्त आणि मोफत. 'कोहा' या माओरी शब्दाचा अर्थ भेट. मार्क उत्तम सांभाळते, देवनागरी सांभाळते. पण तिचा रोख पुस्तकाच्या पाठीवरची लेबलं आणि सभासदांची ओळखपत्रं छापण्याकडे आहे, तालिकेच्या कार्डांकडे नाही. शिवाय ती चालवायला सर्व्हर हवा आणि तो सांभाळणारा माणूस हवा. मंडळात असा हौशी माणूस असेल तर जरूर करा. पण तो नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेला तर पुढे काय, तेही आजच ठरवा.

*तिसरी: मार्कएडिट.* अमेरिकन ग्रंथपाल टेरी रीझ यांनी लिहिलेला हा मोफत प्रोग्रॅम म्हणजे मार्क नोंदींचा स्विस चाकू. दुसऱ्या ग्रंथालयांच्या तालिकेतून नोंदी आणतो, मार्कचं तक्त्यात आणि तक्त्याचं मार्कमध्ये रूपांतर करतो. कार्ड मात्र तो स्वतः सजवत नाही. ते काम पुढच्या वाटेने.

*चौथी: तक्ता आणि मेल मर्ज.* लग्नाच्या आमंत्रणांवर पत्ते छापायला आपण जी सोय वापरतो तीच. लिबरऑफिस कॅल्कमध्ये किंवा एक्सेलमध्ये एका ओळीत एक पुस्तक, एका रकान्यात एक माहिती. मग लिबरऑफिस रायटर किंवा वर्डमध्ये कार्डाचा साचा करायचा आणि तक्ता त्याला जोडायचा. लिनक्स वापरत असाल तर जीलेबल्सही हे काम छान करतो. तुमच्यात कुणी प्रोग्रॅमर असेल, तर पायथनमधलं पायमार्क वापरून मार्क फाइलमधून थेट कार्डांची पीडीएफ बनवणं हे एका शनिवार-रविवारचं काम आहे.

दोन-तीन हजारांच्या आतल्या ग्रंथालयाला माझ्या मते चौथी वाट पुरते. अट एकच: रकान्यांना मनाला येतील ती नावं देऊ नका. मार्कचे क्रमांक द्या. 'लेखक_१००', 'शीर्षक_२४५' असे. मग उद्या कोहाकडे जायचं ठरलं, तर मार्कएडिट तोच तक्ता मार्कमध्ये बदलून देईल आणि एकही नोंद पुन्हा टाइप करावी लागणार नाही.

खरी परीक्षा देवनागरीची

आता आमच्या खिचडीकडे येऊ. काकांचा प्रोग्रॅम युनिकोड वापरत नव्हता. त्या काळच्या अनेक देवनागरी फॉन्टमध्ये संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे क्रमांक साठवायचा आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवायचा. मुखवटा काढला की आत भलतंच काहीतरी. त्यात प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची सांकेतिक भाषा वेगळी. फॉन्टचं नाव माहीत असेल तर रूपांतर करणारी साधनं मिळतात. आमचा फॉन्ट त्या प्रोग्रॅमच्या पोटातच होता, आणि प्रोग्रॅम ज्या संगणकावर होता तो कधीच भंगारात गेला.

म्हणून पहिली अट: सॉफ्टवेअर युनिकोडच हवं, आणि फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवली गेली पाहिजे. पण 'युनिकोड चालतं' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. पुढच्या चार गोष्टी स्वतः तपासा.

*एक, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी.* 'कि' लिहिताना संगणक आधी क साठवतो, मग वेलांटी; कागदावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ही उलटापालट करणारा भाग ज्या प्रोग्रॅममध्ये नाही, तो वेलांटी भलत्या जागी छापतो आणि जोडाक्षरांच्या जागी पाय मोडलेली अक्षरं. पडद्यावर बरोबर आणि छापील पानावर चूक, असंही होतं. म्हणून नेहमी कागदावर काढून बघा. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी ठेवा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, उदाहरणार्थ लोहित मराठी, तिथे ल आणि श आपल्या वळणाचे मिळतात.

*दोन, अक्षरं तुटणं.* यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'पुस्तक' हा शब्द संगणकाला प, उकार, स, हलन्त, त, क अशा सहा चिन्हांचा दिसतो, म्हणजे १८ बाइट. एखाद्या जुन्या प्रोग्रॅमने शीर्षकासाठी ६० बाइट राखून ठेवले असतील, तर इंग्रजीची साठ अक्षरं मावतात आणि मराठीची फक्त वीस चिन्हं. लांब शीर्षक मध्येच तुटतं, शेवटी एक चौकोन उरतो. मार्क फाइलमध्ये तर प्रत्येक भागाची लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते. ती चुकली की पूर्ण नोंदच वाचता येत नाही.

*तीन, एकच शब्द, दोन रूपं.* पु. ल. देशपांड्यांचं 'वाऱ्यावरची वरात' घ्या. त्यातला 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. तीन स्वयंसेवकांनी तीन कळफलकांवर टाइप केलं, की एक प्रत इथे आणि दुसरी तिथे. 'ॲ'चीही तीच कथा. उपाय सोपा आहे. सगळ्या तक्त्यात शोधा-आणि-बदला वापरून एकच रूप करून घ्या. पण हे छपाईच्या *आधी* करा.

*चार, वर्णक्रम.* युनिकोडच्या यादीत ळ हा ल नंतर लगेच येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. संगणकाने नुसत्या क्रमांकाने लावलं, तर 'काळ' आधी आणि 'काव्य' नंतर. मराठी क्रमाने 'काव्य' आधी. क्ष आणि ज्ञ तर संगणकाला दिसतच नाहीत. त्याला क आणि ष, ज आणि ञ दिसतात. काही कोशांतही त्यांना क आणि ज खाली ठेवतात, शाळेतल्या वर्णमालेत ती शेवटी असतात. तुम्ही कुठलाही क्रम घ्या, पण एकच ठरवून खोक्यावर लिहून ठेवा. लिबरऑफिसमध्ये क्रम लावताना पर्यायांत जाऊन भाषा मराठी निवडता येते. पडद्यावर क्रम चुकला तर एका क्लिकने सुधारतो. दोन हजार कार्डं चुकीच्या क्रमाने लावली, तर ती हातानेच पुन्हा लावावी लागतात. चुकीच्या जागी लागलेलं कार्ड म्हणजे कपाटात असून हरवलेलं पुस्तक.

नोंदी आयत्या मिळतात का?

थोड्या मिळतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीतलं कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं जमवतं आहे, त्यात मराठी पुष्कळ. मार्कएडिटमधून किंवा कोहामधून त्यांच्या तालिकेत शोधता येतं आणि नोंद उतरवून घेता येते, तीही फुकट. फक्त दोन अडचणी.

एक म्हणजे लेखक-शीर्षक रोमन लिपीत असतं, डोक्यावर आडव्या रेघा आणि पायाशी टिंबं दिलेल्या अक्षरांत. मूळ लिपीसाठी मार्कमध्ये ८८० हा रकाना आहे, पण तो भरलेला असेलच असं नाही. रोमनवरून यंत्राने देवनागरी करायला गेलात, तर 'देशपांडे'चे 'देशपाण्डे' होऊ शकतात. तेव्हा वर्गांक, विषय, पानं तिथून घ्या आणि नाव-शीर्षक स्वतः टाइप करा.

दुसरी अडचण आयएसबीएनची. मागच्या पानावरचा बारकोड टिपला की माहिती हजर, असं जाहिरातीत असतं. पण आयएसबीएन हे आंतरराष्ट्रीय मानक आलं १९७० साली. त्याआधीच्या छपाईवर तो क्रमांक नसणारच, आणि त्यानंतरच्याही अनेक मराठी पुस्तकांवर नाही. बारकोडशिवाय नोंद करूच न देणारं सॉफ्टवेअर आपल्या कामाचं नाही.

जुन्या पुस्तकांची आणखी एक गोष्ट. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या शीर्षकांत 'कांहीं', 'माझें' असे अनुस्वार सापडतील. २४५ मध्ये छापलं आहे तसंच लिहा आणि २४६ मध्ये आजचं रूप लिहून त्याचंही एक कार्ड काढा. म्हणजे आजी आणि नात दोघींना पुस्तक सापडेल.

कागद आणि प्रिंटर

तालिकेच्या कार्डाचं ठरलेलं माप ७.५ बाय १२.५ सेंटिमीटर. अमेरिकेत दुकानात मिळतं ते ३ बाय ५ इंचांचं, म्हणजे ७.६२ बाय १२.७. फरक दोन मिलिमीटरच्या आतला, पण जुना लाकडी खण नेमक्या मापाचा असेल तर कार्ड अडकतं. आधी एक कार्ड खणात घालून बघा, मग गठ्ठा आणा.

छपाईचे दोन मार्ग. सुटी कार्डं प्रिंटरला एकेक भरवायची, किंवा जाड कागदाच्या मोठ्या पानावर चार कार्डं छापून कापायची. अमेरिकन लेटर आणि ए४, दोन्हींवर चार मावतात. आमचा हिशेब असा: ६५० पुस्तकं, प्रत्येकी ४ कार्डं, म्हणजे २६०० कार्डं, पानाला ४ धरली तर ६५० पानं. जितकी पुस्तकं, तितके कागद. तुमचा प्रिंटर किती जाड आणि किती लहान कागद घेतो ते त्याच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं, खरेदीआधी वाचा. खालच्या बाजूला मधोमध सळईसाठी भोक पाडायचं असतं, म्हणून साच्यात तिथे मजकूर येऊ देऊ नका. आमची पहिली वीस कार्डं प्रकाशकाच्या नावातूनच भोक पडल्यामुळे वाया गेली.

एक्सेल वापरत असाल तर आणखी एक सूचना. आयएसबीएन आणि वर्गांकाचे रकाने आधीच 'मजकूर' म्हणून ठरवा. नाहीतर एक्सेल त्यांना संख्या समजतो. तेरा आकडी आयएसबीएन भलत्याच रूपात दिसतो आणि सुरुवातीची शून्यं उडून जातात.

दहा पुस्तकांची परीक्षा

आता निवड. जाहिराती वाचत बसू नका. कपाटातून दहा *अवघड* पुस्तकं काढा:

१. शीर्षकात 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' असलेलं
२. ळ, क्ष किंवा ज्ञ असलेलं
३. खूप लांब शीर्षकाचं
४. टोपणनावाने लिहिलेलं
५. संतसाहित्यातलं, जिथे आडनावाने नोंद होत नाही
६. अनुवादित
७. दोन-तीन खंडांचं
८. आयएसबीएन नसलेलं
९. जुन्या शुद्धलेखनाचं
१०. दिवाळी अंक

या दहांच्या नोंदी करा, कार्डं छापा, क्रमाने लावा. मग परीक्षेचा शेवटचा पेपर, जो आम्ही पंचवीस वर्षांपूर्वी घेतलाच नव्हता. त्या दहा नोंदी सॉफ्टवेअरमधून बाहेर काढा, मार्कमध्ये किंवा साध्या सीएसव्ही फाइलमध्ये. ती फाइल *दुसऱ्या* संगणकावर, *दुसऱ्या* प्रोग्रॅममध्ये उघडा. दहाही नोंदी जशाच्या तशा वाचता आल्या, तरच ते सॉफ्टवेअर पास. कार्ड कितीही देखणं छापत असलं आणि या पेपरात नापास झालं, तर ते घेऊ नका. कारण सॉफ्टवेअर बंद पडणारच; प्रश्न फक्त कधी, एवढाच आहे. तुम्ही दोन हिवाळे खर्चून टाइप केलेलं त्याच्याबरोबर जाणार की मागे राहणार, हे आज ठरतं.

मग आम्ही काय केलं?

तक्ता, मेल मर्ज आणि गरजेपुरतं मार्कएडिट. नोंदी पुन्हा टाइप कराव्या लागल्या, त्याला इलाज नव्हता. पण कशावरून केल्या? काकांच्या कार्डांवरून. शाई फिकी झाली होती, कडा दुमडल्या होत्या, तरी एकेक अक्षर वाचता येत होतं. सहा जणांनी खोका वाटून घेतला आणि पाठीमागची पेन्सिलीची टिपणंही ५४१ मध्ये उतरवली.

फाइल उघडत नाही हे काकांना सांगायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "कार्डं आहेत ना? मग झालं तर."

आता आमच्याकडे तक्त्याच्या तीन प्रती तीन घरांत असतात, आणि दर दिवाळीनंतर नव्या पुस्तकांची कार्डं छापून खोक्यात लावली जातात. काकांची जुनी कार्डं आम्ही टाकली नाहीत. कपाटाच्या वरच्या फळीवर त्याच लाकडी खोक्यात आहेत.

तुमच्या कपाटातली दहा अवघड पुस्तकं आजच काढून ठेवा. आणि जुनी कार्डं असतील, तर टाकण्याआधी ती एकदा उलटून बघा.